फुकटाने हिरावलेला हक्क

सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या आपल्या सीमापट्ट्यात संगणकाची नवलाई केव्हाच सरली. बेळगावच्या विमानतळालगतच्या सांबऱ्यात नोकरदारांच्या घरी तो आहे, निपाणीत तंबाखूचा हिशेब ठेवणाऱ्या पेढीवर तो आहे, मुलगा डिप्लोमाला गेला की लॅपटॉपची तजवीज करणे हे बापाचे कर्तव्यच मानले जाते. पण या यंत्राबरोबर एक रूढीही आपल्या घरांत शिरली आहे. यंत्राचे पैसे आपण मोजून देतो, त्याची पावती जपतो, वॉरंटीचा कागद कपाटात ठेवतो. आणि त्या यंत्रात जे चालते ते मात्र फुकट 'टाकून' घेतो. विंडोज टाका, ऑफिस टाका, फोटोशॉप टाका, मराठी फॉन्ट टाका, असे आपण दुकानदाराला सहज सांगतो. यंत्र हळू चालू लागले की ते फॉरमॅट मारून आणायचे, काही शे रुपये मजुरी द्यायची, आणि जुन्या चोरीच्या प्रतीच्या जागी नवी चोरीची प्रत घेऊन घरी यायचे. यात काही वावगे आहे असे ना देणाऱ्याला वाटते, ना घेणाऱ्याला. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आदल्या वर्षी भारतातल्या संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. हा हिशेब विकणाऱ्यांनी केलेला आहे, म्हणून तो फुगवलेला असेल असे कोणी म्हणेल. तो निम्मा धरला तरी आपली लाज निम्मी होत नाही.

ही रूढी समजून घ्यायची तर आपण नेमके काय विकत घेतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण आपल्या अज्ञानावरच तिचा सारा डोलारा उभा आहे. सॉफ्टवेअर घेताना त्याची प्रत आपल्याला मिळते. ती वापरण्याच्या अटी मात्र परवान्यात लिहिलेल्या असतात. नव्या लॅपटॉपबरोबर आलेले विंडोज त्या एका यंत्राशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेले असते. ते उचलून दुसऱ्या यंत्रात नेता येत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेली प्रत जुन्या यंत्रातून काढून नव्यात घालता येते, पण एका वेळी एकाच यंत्रावर. जुन्या आवृत्तीवरून सवलतीत नवीवर गेलात की जुना परवाना नव्यात विरतो. तो भावाला किंवा शेजाऱ्याला देता येत नाही. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर घराघरांत ॲक्टिव्हेशनची पद्धत आली. तेव्हापासून यंत्राचे बरेच भाग बदलले की कंपनी पुन्हा ओळख मागू लागली. या अटींपैकी काही रास्त आहेत, काही जाचक आहेत, काही तर उघड अन्यायाच्या आहेत. पण त्यांतली एकही आपण वाचलेली नाही. पडद्यावर अटींचा मजकूर येतो, खाली 'मान्य आहे' असे बटण असते, आणि आपण, म्हणजे सातबाऱ्याचा उतारा तीनदा तपासून घेणारी, भाऊबंदकीत एका फुटासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणारी आपण माणसे, ते बटण न वाचता दाबतो. जमिनीच्या बाबतीत जागी असलेली आपली बुद्धी इथे गाढ झोपलेली आहे.

या झोपेची किंमत किती विपरीत आहे ते पाहा. २०१२ नंतर, विंडोज ८ पासून, नामांकित कंपन्यांचे जे लॅपटॉप विंडोजसह विकले गेले, त्यांच्या मदरबोर्डवरच परवान्याची की साठवलेली असते. म्हणजे त्याच यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा टाकायची झाली तर नवा पैसा द्यावा लागत नाही, ती की शोधावी लागत नाही, आणि किती वेळा टाकावी यावर बंधनही नाही. ज्या अर्थी लॅपटॉपच्या किमतीत हा परवाना होता, त्या अर्थी आपल्या कष्टाच्या पैशाने तो आपण विकत घेतलेला आहे. आणि आपण काय करतो? यंत्र फॉरमॅटला नेतो, दुकानातला पोरगा पेनड्राइव्हवरची 'प्रो' आवृत्ती त्यावर चढवतो, ती हक्काच्या 'होम' परवान्यात बसत नाही म्हणून तिला क्रॅक मारतो, म्हणजे परवान्याची तपासणीच मोडून टाकतो, आणि आपण त्याचे आभार मानून परततो. घरात स्वतःच्या मालकीची वस्तू असताना तीच चोरीची करून आणायची, आणि वर त्याची मजुरी द्यायची, हे आपल्या गल्लोगल्ली रोज चालते. शिकलेले लोक हे करतात. शिक्षक करतात, वकील करतात, ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे ते करतात. हक्क कशाला म्हणतात आणि उचलेगिरी कशाला म्हणतात, यांतली सीमारेषाच आपल्या मनातून पुसली गेली आहे. आणि सीमाप्रश्नासाठी आयुष्ये वेचणाऱ्या आपल्या भागाला हे विशेष लांच्छनास्पद आहे.

रूढीची क्रूरता नेहमी दुर्बळावर आणि प्रामाणिकावर कोसळते. आपल्याकडे पावसाळ्यात विजा पडतात, दाब वरखाली होतो, मदरबोर्ड जळतो. वॉरंटीत कंपनीने तो बदलून दिला तर परवाना टिकतो. वॉरंटी संपल्यावर दुसरा बोर्ड बसवला, तर यंत्राबरोबर घेतलेला परवाना नव्या बोर्डावर लागू होईल याची खात्री राहत नाही. बैलगाडीचा आस मोडला म्हणून कोणी शेतकऱ्याकडून गाडी काढून घेत नाही. इथे मात्र तसेच घडते. अशा वेळी एखादा सरळमार्गी निवृत्त शिक्षक दुकानात जाऊन विचारतो की मला रीतसर काय करता येईल. त्याला उत्तर देणारे कोणी नसते. नवी प्रत घ्यायची तर त्याच्या पेन्शनीला ती जड. जुना हक्क कसा टिकवायचा हे दुकानदाराला ठाऊक नाही, कारण आजवर ते कोणी विचारलेच नाही. आणि आजूबाजूचे लोक त्याला हसतात. "मास्तर, कशाला पैसे घालवताय, आमच्याकडे आहे की," असे म्हणून त्याच्या सचोटीला भोळसटपणा ठरवतात. ज्या समाजात प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाबद्दल खुलासा द्यावा लागतो, त्या समाजाच्या इतर साऱ्या सद्गुणांविषयी शंका घ्यायला जागा आहे. त्या हसण्यात आपण सगळे सामील आहोत. जो मोठ्याने हसला नाही, तो गप्प बसला. आणि गप्प बसणाऱ्यांमुळेच हसणाऱ्यांचे फावते.

दुसरा घाव बसतो तो भाबड्यावर. क्रॅक चालावा म्हणून संगणकाचे अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात. घराचा पहारेकरी हटवल्याशिवाय हे काम सहसा होत नाही, आणि त्या उघड्या दारातून आणखी काय आत येते हे क्रॅक मारणाऱ्यालाही कळत नाही. पुढे अपडेट घेतले तर क्रॅक उघडा पडेल, या भीतीने अपडेट कायमचे बंद ठेवले जातात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते; ज्यांनी ते घेतले नव्हते ते त्यात सापडले, आणि भारत हा फटका बसलेल्या देशांपैकी एक होता. कागदपत्रे कुलूपबंद होतात आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली जाते, असे हे संकट आहे. लहान अडत्याचा वर्षाचा हिशेब, फोटो स्टुडिओतले लोकांच्या लग्नांचे फोटो, पतसंस्थेच्या ठेवीदारांची यादी हे सारे आपण अशाच उघड्या यंत्रांवर ठेवतो. ते गेले तर ते ज्याने क्रॅक मारला त्याचे जात नाही. ठेवीदार विधवेचे जाते, शेतकऱ्याचे जाते. आणि फिर्याद कोणत्या तोंडाने करायची? बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्याबद्दल कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते आणि दंड पन्नास हजारांच्या आत ठेवू शकते, इतकीच सवलत. म्हणजे ज्याला लुटले, तोच कायद्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा राहतो.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहिताना अतिशय दुःख होते. आपण सीमाभागातले मराठी लोक. भाषेवर आपले प्रेम किती, याची साक्ष द्यायला आपली गावे पुरेशी आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी, सांबरा अशा गावांतून वर्षानुवर्षे मराठी साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, गावकरी वर्गणी काढून पाहुण्यांना जेवू घालतात. याचा मला अभिमान आहे. पण अशा समारंभांची निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका कशावर जुळवल्या जातात, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला? संगणकावर देवनागरी आणण्यासाठी मराठी मुलखातच माणसे झिजली. पुण्यातल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांची प्रणाली घडवली, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीने श्रीलिपी दिली. जोडाक्षरे नीट बसावीत, रफार योग्य जागी पडावा, वेलांटी अक्षराला सोडून जाऊ नये, यासाठी लोकांनी आपली उमेदीची वर्षे घातली. अशी सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना लॉक लावून विकावे लागले, आणि ते लॉक तोडून त्यांच्या प्रती मराठी प्रांतातल्या डीटीपीच्या टेबलांवर वाटल्या गेल्या. परक्या कंपनीला नागवले तर तिला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी इथे काय म्हणायचे? मराठीची बाजारपेठ मुळात लहान. तिच्यात जो भाषेसाठी काम करतो त्याच्या ताटातले आपणच ओढून घेतले. मराठीत चांगले शब्दशुद्धी तपासणारे सॉफ्टवेअर का नाही, सुबक अक्षरवळणे थोडी का, अशी तक्रार करण्याचा अधिकार मग आपल्याला कसा उरतो? या चोरीने आणखी एक नुकसान झाले. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. तरी फुकट मिळालेल्या जुन्या फॉन्टांना आणि जुन्या पेजमेकरला आपण चिकटून राहिलो. यंत्र बदलले, विंडोज नवी आली, क्रॅक चालेना, आणि गावांचे इतिहास, दिवंगत कवींच्या संहिता, अभंगांची संकलने अशा कित्येक फायली उघडताच अर्थहीन चिन्हांची रांग दाखवू लागल्या. भाषेच्या नावाने जयघोष करणाऱ्यांनी भाषेचा ठेवा आपल्या हाताने कुलपात घातला.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले, आपण गरीब आहोत. खरोखर गरीब असलेल्याच्या तोंडी हे उत्तर मी समजू शकतो. पण ते अधिक वेळा ऐकू येते ते ज्यांनी लग्नाच्या मांडवावर लाखो उधळले त्यांच्याकडून. याच घरांतली मुले इंजिनिअर होतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे; मुलगा बेंगळूरला किंवा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागला की आपण गावभर पेढे वाटतो. त्याचा पगार ज्या परवान्यांच्या विक्रीतून येतो, ते परवाने फुकट मिळावेत अशी अपेक्षा त्याच घरातला बाप करतो. आपल्या मुलाच्या श्रमाला मोल असावे आणि दुसऱ्याच्या मुलाच्या श्रमाला नसावे, एवढाच या युक्तिवादाचा अर्थ आहे. दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. विद्या वाटल्याने वाढते, पूर्वजांनी पोथ्यांच्या नकला केल्या त्या पुण्य म्हणून, मग प्रोग्रॅमची नक्कल पाप कशी? हे मानणारी माणसे जगात आहेत, आणि त्यांनी ते सिद्ध करून दाखवले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती याच श्रद्धेने. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नू प्रकल्पाच्याच मुक्त परवान्याखाली आला. हजारो लोकांनी त्यात भर घातली आणि कोणीही वापरावे, कितीही यंत्रांवर टाकावे, शेजाऱ्याला द्यावे, अशा परवान्याने ते जगाला देऊन टाकले. त्यांनी आपले स्वतःचे श्रम वाटले. आपण वाटतो ते दुसऱ्याचे, त्याला न विचारता. पोथी नकलणाऱ्याने निदान रात्री जागवल्या होत्या. विद्यादानाचे नाव घेऊन आपण त्या पुण्यावर हक्क सांगू नये.

पण या साऱ्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे, आणि त्याकडे आपले लक्षच गेलेले नाही. चोरीने आपला आवाज हिरावून घेतला. परवान्यांच्या अटींत जुलूम आहे, हे मी वर म्हटलेच आहे. पैसे पुरते घ्यायचे आणि मालकी अर्धवट द्यायची, यंत्राचा एक भाग बदलला की ग्राहकाला संशयित ठरवायचे, सर्व्हर बंद करून जुनी विकत घेतलेली प्रत निकामी होऊ द्यायची, हा व्यवहार न्याय्य नाही. इतर देशांतल्या लोकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. यंत्राबरोबर विकायचे विंडोज एका व्यापाऱ्याने सुटे विकले, तेव्हा ते रोखायला कॉपीराइटचा आधार घेता येणार नाही, असे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली मायक्रोसॉफ्टला सुनावले. एकदा विकलेल्या कायम परवान्याची पुनर्विक्री मूळ विक्रेता अडवू शकत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकलविरुद्ध दिला. आपल्याकडेही आधार नाहीत असे नाही. तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विक्रीकराच्या खटल्यात म्हटले. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रतधारकाला नासधुशीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा देते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची वाट उघडली आहे. ही दारे आपण कधी ठोठावली? ठोठावली नाहीत, कारण गरजच भासली नाही. अटी जाचक आहेत? क्रॅक मार. बोर्ड जळला? क्रॅक मार. किंमत अवाच्या सवा आहे? क्रॅक मार. जुलमाच्या प्रत्येक जागी आपण पळवाट काढली, म्हणून जुलूम तसाच राहिला. आणि जो सरळ वाटेने गेला, त्याचा सारा भार त्या एकट्याच्या डोक्यावर पडला. चोरी म्हणजे बड्या कंपन्यांविरुद्धचे आपले बंड आहे अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. बंड करणारा समोर उभा राहून बोलतो. याच बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले; अन्याय्य कायदा मोडायचा तर उघडपणे मोडावा आणि परिणाम भोगावा, हे त्यांनी देशाला शिकवले. आपण मात्र लपून मोडतो आणि कायदा आहे तसाच राहू देतो.

चोरीबाबतची ही अंधता आपण एकट्यांनीच निर्माण केली नाही. ती वारशाने आली. नकललेल्या कॅसेटी, झेरॉक्स केलेली पाठ्यपुस्तके, परीक्षेत पुरवलेल्या चिठ्ठ्या या सर्वांकडे आपल्या आधीच्या पिढीने कानाडोळा केला, आणि आता आपण तो कानाडोळा मुलांच्या हाती देत आहोत. दहा वर्षांचे मूल जेव्हा पाहते की बाबा पैसे असूनही फुकटची की शोधत बसतात, तेव्हा मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर लिहिलेले सारे ते पुसून टाकते. पण जे वारशाने आले ते वारशानेच थांबवता येते. त्याला एकच पिढी लागते. अस्पृश्यता पाळणारी, केशवपनाला धर्म म्हणणारी घरे बदलली, तर पेनड्राइव्हवरची ही रूढी बदलणे अशक्य कसे असेल? केरळने आपल्या सरकारी शाळांतला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला, आणि तिथली लाखो मुले चोरीच्या प्रतींवाचून शिकली. भारत सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. लिबरऑफिस मराठीत उपलब्ध आहे. मुंबईच्या एक टाइपने मुक्तासारखी देवनागरी अक्षरवळणे सर्वांसाठी खुली केली आहेत. गरिबीची सबब सांगण्याचे दिवस आता संपले आहेत.

वेळही आत्ताचीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. आपल्या भागातल्या असंख्य घरांतले संगणक आज या उंबरठ्यावर आहेत, आणि दुकानांतून नव्या क्रॅकची तयारी सुरू आहे. या वेळी आपण निराळे वागू शकतो. यंत्र दुरुस्तीला देण्याआधी त्यात हक्काचा परवाना आहे का, हे सेटिंगमध्ये पाहावे आणि दुकानदाराला ठणकावून सांगावे की हीच आवृत्ती पुन्हा टाक, दुसरी नको. नवे यंत्र घेताना विंडोजचा उल्लेख असलेली पावती मागावी. जुने यंत्र नव्या विंडोजला पेलवत नसेल तर त्यावर लिनक्स घालून ते शाळेला किंवा वाचनालयाला द्यावे. गावच्या संमेलनाची पुढची स्मरणिका युनिकोडमध्ये, परवान्याच्या किंवा मुक्त फॉन्टमध्ये जुळवावी आणि तसे तिच्या पहिल्या पानावर छापावे. आणि ज्याच्याकडे रीतसर परवाना असूनही कंपनीने त्याला अडवले, अशा माणसामागे गावाने उभे राहून ग्राहक आयोगात तक्रार गुदरावी. स्वच्छ हाताने मागितलेला न्याय टाळणे कोणत्याही कंपनीला फार काळ जमत नाही. आधी आपले हात स्वच्छ करू. मग जो हक्क इतकी वर्षे आपण फुकटाच्या मोबदल्यात सोडून दिला, तो पावतीसह परत मागू.